फास्ट : पळणारा आणि जागचा न हलणारा

(लेखमाला ‘ओळखीची विशेषणं’. या आठवड्याचा शब्द : फास्ट)

कल्याण सुटलं की फास्ट लोकल फास्ट राहत नाही. सीएसएमटीहून निघालेली बदलापूर फास्ट भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली अशी मोजकी स्टेशनं घेत कल्याणला येते आणि तिथून पुढे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर यातलं एकही न चुकवता थांबत जाते. दादरच्या इंडिकेटरवर नावापुढे मिरवलेलं विशेषण तिने वाटेत कुठे टाकलं, हे डब्यात कुणाच्या लक्षातही येत नाही. तोवर चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेल्याला नीट बसायला मिळालेलं असतं आणि त्याला तेवढं पुरतं.

कारण गाडीत नाही, रुळांत आहे. कल्याणपर्यंत जाण्यायेण्याचे फास्ट मार्ग वेगळे आणि स्लो मार्ग वेगळे. कल्याणला वाट फुटते, एक कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे. आपल्या कर्जतच्या बाजूला जायला एक आणि यायला एक, एवढेच रूळ. लोकल, मेल, मालगाडी सगळ्यांनी त्यावरूनच जायचं. इंग्रजांच्या रेल्वेत फास्ट हे विशेषण नुसत्या गाडीला नाही, रुळालाही लागतं : फास्ट लाइन, स्लो लाइन. तो रूळच संपला की गाडीचं विशेषणही नावापुरतं उरतं. रविवारच्या मेगाब्लॉकला याचा उलटा प्रकार दिसतो. फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात, मग फास्टमध्ये बसलेल्या माणसाला एरवी खिडकीतून पळताना दिसणारी स्टेशनं जवळून पाहायला मिळतात. कल्याण ते बदलापूर तिसऱ्या-चौथ्या मार्गाचं काम चालू आहे. ते झालं की कदाचित या शब्दाला कल्याणच्या पुढेही थोडं काम मिळेल.

फास्ट गाडी स्लोपेक्षा जोरात पळते, हा समजही अर्धाच खरा. सकाळी स्लो म्हणून धावलेला रेक दुपारी फास्ट म्हणून निघतो. मोटर तीच, डबे तेच. फास्ट लवकर पोचते ती मुख्यतः थांबत नाही म्हणून. इथे इंग्रजीतल्या दोन विशेषणांची फारकत समजून घेण्यासारखी आहे. ‘फास्ट’ हे हालचालीच्या वेगाचं विशेषण : फास्ट कार, फास्ट बोलर, फास्ट रनर. ‘क्विक’ हे लागणाऱ्या वेळाचं : क्विक रिप्लाय, क्विक लुक, क्विक बाथ. आंघोळ पाच मिनिटांत उरकली तर ती क्विक. तिला फास्ट म्हटलं तर इंग्रज माणसाला बादली धावताना दिसेल. आपण मराठीतून इंग्रजीत जाताना ‘लवकर ये’चं ‘कम फास्ट’ करून टाकतो. ‘लवकर’ हे वेळेचं, ‘भरभर’ हे वेगाचं. ‘लवकर ये’ला इंग्रजीत क्विकली, सून किंवा अर्ली यातलं काहीतरी लागेल, फास्ट फक्त ‘भरभर ये’ला. आणि लोकल? तर्काने पाहिलं तर तिला क्विक म्हणायला हवं होतं. पण भाषा तर्काला विचारून चालत नाही, आणि ८.१७ ची अंबरनाथ क्विक असं कुणी म्हणू लागलं तर त्याला दारात उभं राहू देणार नाहीत.

प्रवाशांनी मात्र या विशेषणाचे आपले आपले तर-तम केलेत. थोडा वेळ फास्ट आणि थोडा वेळ स्लो धावणारी ती ‘सेमी फास्ट’. फास्टपेक्षाही कमी थांबणारी ती ‘डबल फास्ट’. इंग्रजीत फास्ट, फास्टर, फास्टेस्ट अशा तीन पायऱ्या तयार असताना आपण चहाच्या टपरीवरचा ‘डबल’ आणून लावला. मला हे आवडतं. उसना शब्द वापरून वापरून घरचा झाला की त्याला घरचे प्रत्यय लागतातच.

रेल्वेची उद्घोषणा फास्टला ‘जलद’ म्हणते आणि स्लोला ‘धीमी’. जलद हा शब्द आपल्याला अरबी-फारसीतून आला. संस्कृतातला जलद वेगळा. तो म्हणजे जल देणारा, ढग. जुनी मराठी कविता वाचणाऱ्याला जुलैतली ‘जलद लोकल’ ढगांचीच गाडी वाटेल, आणि जुलैत ते फारसं चूकही नसतं. पण गंमत पुढे आहे. अरबीत या ‘जल्द’चा पाया ‘चपळ’ हा नाही. टणक, चिवट, सोसणारा हा आहे. कणखर माणूस तो चटपटीत, चटपटीत तो वेगवान, असा तो शब्द सरकत आला. हे लक्षात ठेवा, कारण इंग्रजी फास्टची कहाणी जवळपास हीच आहे.

आता ज्या दुसऱ्या फास्टसाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येऊ. २०१९ च्या जुलैत, २६ तारखेच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. दोन्ही बाजूंना पाणी, रूळ पाण्याखाली. डब्यांत हजाराहून जास्त माणसं. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या बोटी आल्या, नौदलाचं पथक आलं आणि दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. या प्रसंगाचं इंग्रजीत एका ओळीत वर्णन करायचं तर कुणीही सहज लिहील, की एक फास्ट ट्रेन पुरात ‘स्टक फास्ट’ झाली होती. एकाच वाक्यात दोन फास्ट. पहिला पळणारा, दुसरा जागचा तसूभरही न हलणारा.

शब्दकोशात हे दोन्ही अर्थ एकाखाली एक सापडतात आणि शाळकरी पोरं त्यांची निमूट घोकंपट्टी करतात. एका शब्दाला दोन उलटे अर्थ कसे, हे विचारायचं असतं हेच त्यांना कुणी सांगत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, आणि ते मराठी माणसाला इंग्रजापेक्षा लवकर पटण्यासारखं आहे.

जुन्या इंग्रजीत फास्टचा अर्थ एकच होता : घट्ट, पक्का, रोवलेला. जर्मन भाषेतला त्याचा भाऊ ‘फेस्ट’ आजही तेवढ्याच अर्थाने नांदतो. वेग हा अर्थ नंतर, मध्ययुगीन इंग्रजीत आला, आणि तो विशेषणात आधी आला नाही, क्रियाविशेषणात आला. घट्ट धर, घट्ट बांध, जोर लावून मार, जोर लावून पळ, असा तो प्रवास. आता आपला ‘जोरात’ घ्या. ‘दोरी जोरात आवळ’ म्हटलं की घट्टपणा, ‘जोरात पळ, गाडी सुटेल’ म्हटलं की वेग. आपल्याला यात काहीच खटकत नाही, कारण दोन्हीकडे लागतो तो जोरच. ‘कसून’ही असाच : कसून बांधतात आणि कसून धावतातही. इंग्रजी फास्टने हेच केलं, फक्त पुढे पळण्याचा अर्थ इतका माजला की धरण्याचा अर्थ कोपऱ्यात सरकला.

जाता जाता एक व्याकरणाचा मुद्दा. फास्टचं क्रियाविशेषणही फास्टच. ‘फास्टली’ असा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही. जुन्या इंग्रजीत क्रियाविशेषणाच्या शेवटी एक ‘ए’ होता, तो काळाच्या ओघात गळला आणि दोन्ही रूपं सारखी झाली. ‘ही रन्स फास्टली’ लिहिणाऱ्या मुलाचे गुण जरूर कापावेत, पण ‘स्लोली’ चालतं मग ‘फास्टली’ का नाही, हा त्याचा प्रश्न मूर्खपणाचा नाही.

कोपऱ्यात सरकलेला जुना अर्थ उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या तिन्ही गावांत मात्र चांगला धडधाकट आहे. अंबरनाथच्या किंवा बदलापूरच्या एमआयडीसीतून जाताना, नाहीतर हार्डवेअरच्या दुकानांवरून, ‘फास्टनर्स’ लिहिलेल्या पाट्या दिसतात. तिथे वेगवान असं काही मिळत नाही. नट, बोल्ट, स्क्रू, वॉशर : दोन वस्तू एकमेकींना घट्ट धरून ठेवणारं जे जे ते फास्टनर. मूळ क्रियापद ‘फासन’. लिहिताना त्यात टी आहे, उच्चारात नाही. विमानातला सीटबेल्टचा हुकूमही हाच. टोलनाक्यावरच्या फास्टॅगला फास्ट म्हटलं ते वाहनं पटकन सुटावीत म्हणून. पण तो काचेवर न निघेलसा चिकटवायचा असतो, त्यामुळे नाव ठेवणाऱ्याला सुचलं असो वा नसो, दोन्ही अर्थ त्यात आले.

उपासाचा फास्ट खरं तर नाम आहे, आपल्या लेखमालेच्या हद्दीबाहेरचा. पण त्याला सोडून पुढे जाणं शहाणपणाचं नाही. तोही या घट्टपणाच्याच कुळातला : नेम घट्ट धरून ठेवणं, स्वतःला आवरून धरणं. मराठीत आपण उपास ‘करतो’ तसा ‘धरतो’ही. एकादशी धरली, श्रावणी सोमवार धरले. आणि धरलेलं सोडावं लागतं म्हणून उपास सोडतो, नाहीतर मोडतो. इंग्रजही रोज सकाळी तेच करतो. रात्रभराचा फास्ट तो ‘ब्रेक’ करतो आणि त्याला ब्रेकफास्ट म्हणतो. बदलापूर स्टेशनबाहेर सकाळी सहाला वडापाव हातात घेऊन जिना चढणारा माणूस भाषेच्या दृष्टीने उपास मोडत असतो. फास्ट फूडने फास्ट मोडला, असंही म्हणता येईल, पण असल्या कोट्या एका लेखात एकच पुरे.

खरी मेजवानी उल्हासनगरात आहे, कापडात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेली लष्करी छावणी, फाळणीनंतर तिथल्या बराकींत आलेले सिंधी निर्वासित, १९४९ साली गावाला मिळालेलं नवं नाव, ही कथा आपल्याकडे ठाऊक आहे. कॅम्प एक ते पाच हे आकडे अजून पत्त्यात आहेत. हातात भांडवल नसलेल्या माणसांनी जे जे विकता येईल ते विकत, शिवत, बनवत हे शहर उभं केलं, आणि त्यातूनच पुढे जीन्सचा धंदा फोफावला. कापड बेतणारे, शिवणारे, चेन-बटण लावणारे आणि धुणारे. ‘वॉशिंग’ हा त्यातला स्वतंत्र धंदा.

रंगाच्या धंद्यात फास्ट म्हणजे पक्का. आपण म्हणतो रंग ‘बसला’, रंग ‘जातो’, रंग ‘उतरला’; कापडबाजार म्हणतो ‘कलर फास्ट आहे का?’ यातल्या फास्टला वेगाचा अर्थ लावला तर चक्क उलटा अनर्थ होतो, कारण फास्ट रंग तो, जो भरकन निघून जात नाही. नॅफ्थॉल जातीच्या रंगद्रव्यांत ‘फास्ट रेड बी बेस’ असली नावं आहेत. तो लाल चटकन चढतो म्हणून फास्ट नाही, चढला की उतरत नाही म्हणून फास्ट. पक्केपणा मोजायच्या पद्धतीही ठरलेल्या आहेत. पांढऱ्या सुती कापडाचा तुकडा रंगीत कापडावर यंत्राने घासतात, एकदा कोरडा आणि एकदा ओला, आणि पांढऱ्यावर किती डाग उतरला त्यावरून १ ते ५ गुण देतात. ५ म्हणजे डाग नाही. उन्हासमोर रंग किती टिकतो हे निळ्या लोकरीच्या पट्ट्यांशी ताडून १ ते ८ मध्ये सांगतात. दुकानात आजी रुमालाचं टोक ओलं करून साडीच्या काठावर घासून बघायच्या, ती हीच परीक्षा. गुणपत्रिका तेवढी नसे.

आणि या परीक्षेत जीन्स नापास होते. ती नापास व्हावी अशीच तिची रचना आहे. जीन्सचा निळा तो इंडिगो, म्हणजे नीळ. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला रसायनांनी विरघळेल असं रूप द्यावं लागतं. त्या पिवळट-हिरवट द्रावात सूत बुडवून वर काढलं की हवा लागून सूत निळं होतं. असं पुन्हा पुन्हा बुडवलं तरी नीळ धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, बाहेरच्या बाजूला कडं करून बसते. आत सूत पांढरंच. म्हणून जीन्स जिथे घासली जाते, गुडघ्यावर, खिशाच्या कडेला, तिथे पांढरी पडू लागते. एरवी ग्राहक रंग जातो म्हणून कापड परत करायला येतो. इथे रंग गेला नाही तर तक्रार. मग माणसाने पाच वर्षं वापरून जे व्हायचं ते कारखान्यात काही तासांत उरकायचं : प्युमिस नावाच्या हलक्या, सच्छिद्र दगडांबरोबर यंत्रात घुसळायचं, नाहीतर एन्झाइम घालायचं, नाहीतर ब्लीच. रंग पक्का नसणं हाच ज्या मालाचा गुण आहे असं दुसरं कापड मला तरी माहीत नाही.

कापडावरून सुटलेला रंग कुठेतरी जातोच. इथे तो वालधुनीत गेला. अंबरनाथच्या इ.स. १०६० च्या शिलाहारकालीन शिवमंदिराला लागून वाहणारी ही नदी पुढे उल्हासनगरातून कल्याणच्या खाडीकडे जाते. अंबरनाथमध्ये तिला रसायनांच्या कारखान्यांनी गाठलं आणि उल्हासनगरात जीन्स धुणाऱ्यांनी. कधी निळं, कधी काळं पाणी लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलं. प्रकरण न्यायालयांत गेलं, हरित लवादापर्यंत पोचलं, कारवाया झाल्या, वॉशिंगचे अनेक कारखाने बंद झाले, काही आसपासच्या गावांत सरकले. धंद्यावर पोट असलेल्यांचं नुकसान खरं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नदीच्या बाजूने बोलायला तिथे कामगारही नव्हते आणि मालकही नव्हते, त्यामुळे तिची बाजू कोर्टालाच घ्यावी लागली, हेही तितकंच खरं.

रंग धरून ठेवण्याचा हाच अर्थ डॉक्टरांच्या कागदावरही भेटतो. क्षयाच्या रुग्णाच्या थुंकीच्या तपासणीत ‘एएफबी’ अशी तीन अक्षरं असतात. त्यातलं एएफ म्हणजे अ‍ॅसिड फास्ट. काचपट्टीवरच्या जंतूंना लाल रंग देतात, मग आम्लाने धुतात. बाकीच्या जंतूंचा रंग निघून जातो; क्षयाच्या जंतूच्या मेणचट आवरणात तो पक्का राहतो. आम्लानेही रंग न सोडणारा, म्हणून अ‍ॅसिड फास्ट. ‘फास्ट’ वाचून आजार झपाट्याने पसरतोय असं समजून घाबरलेली माणसं असतात. त्यांना हा अर्थ समजावणं हे इंग्रजीच्या शिक्षकाचं कामही आहे, असं मला वाटतं.

बाकीचे वापर भरभर पाहू. फास्ट फ्रेंड म्हणजे चटकन झालेला मित्र नव्हे, जिवाभावाचा, घट्ट. फास्ट अस्लीप म्हणजे गाढ झोपलेला. फास्ट लोकलमध्ये फास्ट अस्लीप झालेल्या अंबरनाथकराला जाग येते ती बहुधा बदलापूरला. स्टेडफास्ट म्हणजे अढळ. शेमफेस्ड हा शब्द मुळात शेमफास्ट, लाजेने जखडलेला. लोकांना तो फास्ट कळेनासा झाला तेव्हा त्यांनी तिथे तोंड आणून बसवलं. घड्याळ फास्ट असतं ते पुढे असतं तेव्हा. पाच मिनिटं पुढे असलेलं घड्याळ पळत असतंच असं नाही, मुद्दाम पुढे लावलेलंही असतं, निम्म्या बदलापूरच्या भिंतींवर तसंच आहे. ‘फास्ट’ मुलगी किंवा ‘फास्ट’ तरुण हा एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी टोमणा : मौजमजेत वाहवलेला, मर्यादा सोडलेला. आपल्या मध्यमवर्गात तो टोमणा बराच काळ मराठी वाक्यातून फिरला. आता तो ऐकू येत नाही, बरं झालं.

‘हार्ड अँड फास्ट रूल’मधला फास्ट जहाजावरचा. वाळूत रुतून बसलेलं, हलवता न येणारं जहाज ते ‘हार्ड अँड फास्ट’. नियमाला तोच शब्द लागला. ‘फास्ट ट्रॅक कोर्ट’मधला फास्ट पुन्हा वेगाचा, सरकारी मराठीत जलदगती न्यायालय, तिथेही हा ट्रॅक कल्याणपर्यंत आहे की पुढेही, हे ज्याचा खटला त्यालाच विचारावं.

मग वाचताना कुठला फास्ट हे ओळखायचं कसं? शेजारी काय आहे ते बघा. होल्ड, स्टँड, स्टिक, बाउंड, अस्लीप असे स्थिर शब्द शेजारी असले की फास्ट घट्ट. रन, ड्राइव्ह, ट्रेन, बोलर असे हलणारे शब्द असले की फास्ट वेगवान. रंग, नातं, गाठ, झोप यांना वेगाचा फास्ट लागत नाही. फसवणारी जागा एकच आणि ती जुनी आहे : ‘फास्ट अँड लूज’ खेळणं. शेक्सपिअरच्या काळी जत्रांत चामडी पट्ट्याची गुंडाळी करून पैज लावत. काडी आत घालून पट्टा अडकवता येतो का सांगा. वरून पाहता तो फास्ट, अडकलेला दिसे. दोन टोकं ओढली की लूज, सुटा. पैसे बहुधा खेळ मांडणाऱ्याचेच. तेव्हापासून शब्द देऊन फिरवणाऱ्याला इंग्रजीत हा वाक्प्रचार लागतो.

त्यातला लूज आपल्याकडे किराणा दुकानातल्या सुट्या तेलापासून शिंप्याच्या मापापर्यंत आणि पोटाच्या तक्रारीपर्यंत पोचलेला आहे. तो पुढच्या आठवड्यात.